दत्ताच्या डोक्यातलं लिंबू

दुखणं एकाचं असतं, पण त्याचे किस्से सगळ्यांचे होतात. आमच्या दत्ताच्या आजाराचं तसंच झालं. डॉक्टरांनी गाठ तपासली, शेक दिला आणि आपलं काम केलं. आमचं काम तिथून सुरू झालं! नव्वदीच्या दशकातली गोष्ट, पण अजून चौघं जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ए, ते लिंबाचं सांग." मग चहा निवतो आणि वहिनी आतून ओरडते, "पुन्हा तेच चालू झालं का?"

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दत्ताचा पेणला गणपतीचा कारखाना. मूर्तीचे डोळे रंगवण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात आणि दत्ताच्या आखणीसाठी लोक लांबून यायचे. दुसरा इकबाल. मूर्ती मुंबईला पोचवायला त्याचाच टेंपो. तिसरे लेले गुरुजी. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि उरलेल्या सगळ्या विषयांवर बाहेर बोलायचे. चौथा मी, मधू. मी रोह्याला राहतो, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करायचो, आणि शाळेत दत्ताच्या बाकावर बसायचो.

आम्हा चौघांवर लक्ष ठेवायला दत्ताची आय होती. ती खाडीकाठची, मिठागरात वाढलेली. तिच्यापुढे बोलायची गुरुजींचीसुद्धा टाप नव्हती.

*

पहिली तक्रार माझ्याच शेजारून आली. रोह्याच्या आमच्या कुलकर्णी काकांना मीच दत्ताकडची मूर्ती आणून दिली होती. चतुर्थीला दुपारी काका तणतणत आले.

"मधू, तुझ्या मित्राचा बाप्पा आमच्याकडे बघतच नाही रे! आरती आम्ही करतोय, आणि हा आपला स्वयंपाकघराकडे बघत बसलाय!"

जाऊन पाहिलं तर खरंच. दोन्ही डोळे एका बाजूला. मखर फिरवून पाहिलं, तर बाप्पा न्हाणीघराकडे बघायला लागला. शेवटी होतं तसं ठेवलं.

दत्ताला सांगितलं तर तो म्हणाला, "मग? नैवेद्य जिकडून येतो तिकडंच बघणार ना तो! माझा गणपती व्यवहारी हाय."

आम्ही पोट धरून हसलो. मग आणखी एका मूर्तीचा एक डोळा वर गेला. मग दत्ता म्हणायला लागला की हातातल्या ब्रशला दोन टोकं दिसतात. आम्ही त्यावरही हसलो. "कमी घेत जा," इकबाल म्हणाला. दत्ता चहासुद्धा बेताने घ्यायचा.

होळीच्या सुमाराला एका दुपारी दत्ता कारखान्यातच फिट येऊन पडला. चारी बाजूंना पांढऱ्या मूर्ती, कुणालाच डोळे नाहीत, आणि मध्ये हा. त्याच्या बायकोची, सुमन वहिनीची किंकाळी समोरच्या दुकानापर्यंत गेली. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

*

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की मेंदूच्या आवरणाला लिम्फोमा झालाय. कॅन्सरचा हा प्रकार फार क्वचित दिसतो. गाठ हळू वाढणारी आहे आणि शेक दिला तर विरघळायची आशा आहे. दत्ताने घरी येऊन आयला तसंच सांगितलं.

आय ऐकायला जरा कमीच. ती ताडकन उठली.

"लिंबू? डोक्यात लिंबू? मी बोललेलं ना! अवसेला तिठ्यावर लिंबू पडलेलं, तूच वलांडलंस मेल्या!"

लेले गुरुजी पुढे सरसावले. "आय, लिंबू नव्हे. लिम्फोमा. हा एका विशिष्ट प्रकारच्या पेशींचा..."

"कवढा हाय?" आयने विचारलं.

गुरुजी सत्यवचनी. घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर म्हणाल्या, लिंबाएवढा."

"मंग मी काय बोलतंय!"

आयने त्याच संध्याकाळी सगळ्या कारखान्याची दृष्ट काढली. मिरच्यांच्या धुराने खोकून खोकून आमचा जीव जायची वेळ आली.

*

रिपोर्टात एक शब्द होता. इन्डोलन्ट. गुरुजींचं इंग्रजी म्हणजे आमच्या घरचंच. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"इन्डोलन्ट म्हणजे आळशी," गुरुजी म्हणाले. "गाठ आळशी आहे. सावकाश वाढते."

इकबाल म्हणाला, "मालकावर गेली!"

दत्ताही हसला. आय मात्र हसली नाही. "आळशी पाव्हणी चांगली नाय. येयाला येळ लावते, पन एकदा पाट टाकून बसली का उठायचं नाव घेत नाय."

त्या दिवसापासून आय गाठीला गाठ म्हणालीच नाही. "ती" म्हणायची. "ती काय बोलते आज? डोकं दुखवते का?" नवख्या माणसाला वाटायचं की घरात नवी सून आली आहे आणि सासूचं तिच्याशी पटत नाही.

*

शेक! या शब्दाने तर कहर केला.

रेडिएशनला आपल्याकडे सगळे शेकच म्हणतात. आयचं म्हणणं एकच, "शेकाला मुंबय कशाला? मीठ काय कमी हाय घरात?" खाडीकाठच्या बाईला शेक म्हणजे खडेमीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधलेली पुरचुंडी. गुडघा, कान, पोट, सगळ्याला तोच उपाय.

तिला समजावता समजावता आम्ही थकलो. शेवटी तीही आमच्याबरोबर मुंबईला आली आणि मॅडमच्या टेबलावर तिने मिठाची पुरचुंडी ठेवली.

"हे काय आजी?"

"आमच्या मिठागराचा मीठ. मशीन बंद पडली तर असूंदे."

मॅडम स्वभावाने फार गोड. त्यांनी पुरचुंडी सरळ ड्रॉवरमध्ये ठेवली आणि समजावलं, "आजी, आमचा शेक किरणांचा असतो. तो आतल्या गाठीपर्यंत जातो. आणि त्याला काही गरम लागत नाही."

"गरम लागत नाय?" आय माझ्याकडे वळली. "मधू, लाईट गेलेली हाय का बघ यांची!"

घरी परतल्यावर शेजारणी जमल्या, तेव्हा तिने निकाल देऊन टाकला. "डागदरीन पोर लय गुणाची हाय गो. पन तिची शेगडी पेटत नाय."

*

त्याच भेटीत दत्ता अख्खा वेळ गप्प बसला होता. खर्च, औषधं, उलट्या होतील का, सगळं मीच विचारलं. उठता उठता तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? यातनं उठलो तर मला परत डोळे काढता येतील ना?"

मॅडमचं पेन थांबलं. "कुणाचे?"

"गणपतीचे. गौरीचे पन काढतो. उंदराचेसुद्धा."

मॅडमनी हळूच मला विचारलं, "फिट आल्यापासून असं बोलतात का हे?"

मी घाईघाईने आखणी म्हणजे काय ते सांगितलं. मॅडम खळखळून हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "शेक लागू पडला तर दोन-दोन दिसणं कमी होईल. हात पूर्वीसारखा चालेल की नाही, ते मी आज नाही सांगू शकत. खोटं नाही बोलणार."

जिना उतरताना दत्ताने माझा दंड धरला. "मध्या, जीव वाचला नि आखणी गेली, तर मी काय करू रे? नुसता रंग ढवळत बसू?"

इतकी वर्षं त्याची चेष्टा केली, पण त्या दिवशी त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो.

*

आठवडाभर मुंबईत वहिनीच्या भावाकडे राहायचं, शेक घ्यायचा आणि शनिवारी पेणला यायचं, असं ठरलं. न्यायला-आणायला इकबाल होताच.

"माझ्या टेंपोतला एक गणपती आजवर तुटला नाय," तो म्हणाला. "याला काय होतंय?"

पुढच्या सीटवर आय आणि वहिनी. मागे मुंबईला पोचवायच्या कच्च्या मूर्ती, त्यांच्यामध्ये गादी, गादीवर दत्ता आणि चारी बाजूंनी गच्च पेंढा. मी मागेच एका कोपऱ्यात. इकबालने दत्ताला मूर्तीसारखंच पॅक केलं होतं. फक्त वर 'नाजूक माल' लिहायचं बाकी होतं.

जकात नाक्यावर एकाने ताडपत्री उचलली. आत अंधार, रांगेने गणपती. तेवढ्यात दत्ताला तहान लागली. पेंढ्यातून एक हात वर आला, पंजा पुढे.

नाकेवाल्याने चपला काढल्या आणि हात जोडले!

पेंढ्यातून आवाज आला, "पाणी मिळेल का?"

बिचारा धावत जाऊन तांब्या घेऊन आला. पुढे कित्येक दिवस आमचा टेंपो दिसला की तो आधी नमस्कार करायचा, मग बाकीची चौकशी.

*

शेक देताना डोकं जराही हलून चालत नाही. म्हणून आधी तोंडावर प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या लावून साचा घेतात, त्या साच्यात प्लॅस्टर ओतून माणसाचं डोकं काढतात आणि त्या डोक्यावरून प्लास्टिकचा मुखवटा बनवतात. मग तो मुखवटा रोज चढवून टेबलाला पक्का करायचा.

हे ऐकून दत्ता एकदम खूश. "म्हंजे आमचाच धंदा की!"

टेक्निशियनने बजावलं, "काका, हलायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही."

"अहो, प्लॅस्टर मला शिकवता? मी पेणचा!"

पट्ट्या लागल्या. नाकाला तेवढी भोकं. शेजारी दुसऱ्या घमेल्यात प्लॅस्टर कालवल्याचा आवाज आला आणि दत्ताच्याने राहवेना. पट्ट्यांच्या आतून तो ओरडला, "पाणी जास्त पडलं!"

साचा उघडला तर तोंड वाकडं! सगळं पुन्हा पहिल्यापासून.

टेक्निशियनने वाकडा साचा त्याच्यासमोर धरला. "काका, तुमच्या पेणला गणपती साच्यात बोलतात का हो?"

दुसऱ्या वेळी आय खुर्ची टाकून शेजारी बसली. दत्ता श्वाससुद्धा विचारून घेत होता.

शेकाच्या खोलीबद्दल मात्र तो कधी फार बोलला नाही. एकदाच म्हणाला, "मुखवटा चढवतात, जाड दरवाजा लावतात नि सगळे बाहेर पळतात. आपण एकटे. मखरातल्या गणपतीला कसं वाटत असंल, ते मना तवा कळलं."

*

शेकाने केस गेले. सगळे नाही, मधले मधले. कुरणात गुरं चरून गेल्यासारखं डोकं दिसायला लागलं. वहिनी म्हणाली, सरळ गुळगुळीत करा. केलं. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी दत्ता पेणच्या बाजारात भाजी आणायला गेला.

गुळगुळीत डोकं, उतरलेला चेहरा, अंगात पांढरा सदरा. पहिला भेटला तो भांड्यांचा दुकानदार. त्याने दत्ताचे दोन्ही हात हातात घेतले.

"कधी झालं? कळवलंसुद्धा नाय! फार मायाळू होती हो आय."

दत्ताला काही कळेना. तेवढ्यात आणखी दोघं जमले. एकाने पिकलं पान वगैरे सुरू केलं. दुसरा डोळे पुसायला लागला. आय मागेच मेथीची जुडी निवडत उभी होती.

"कोन गेला रं?" तिने विचारलं.

दुकानदाराच्या हातातून तपेली खाली पडली!

बरोबर आलेला इकबाल दुकानदारावरच चिडला. "अरे, आधी मिशी बघायची! मिशी हाय ना जागेवर? मग कोन नाय गेलं!"

आय दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या दुकानासमोरून दोनदा गेली.

*

शेक संपले. हॉस्पिटलला त्या प्लॅस्टरच्या डोक्याचा काही उपयोग नव्हता. दत्ताने ते मागून आणलं आणि कारखान्यात गणपतींच्या रांगेत ठेवलं. पांढरं, डोळे मिटलेलं, हुबेहूब दत्ता.

डोंबिवलीहून एक गिऱ्हाईक आलं. सगळ्या मूर्ती बघत बघत तिथे थबकलं. "हे कुठले पुढारी?"

गुरुजी म्हणाले, "अजून निवडून आलेले नाहीत."

*

श्रावणात डोक्याचा पुन्हा फोटो काढला. मॅडमनी तो उजेडावर धरला आणि त्यांचा चेहरा फुलला. "गाठ दिसत नाही."

वहिनी रडायला लागली. मीही भिंतीकडे तोंड केलं. आयने मात्र उलटतपासणी चालू ठेवली.

"दिसत नाय म्हंजे गेली, का लपली?"

मॅडम म्हणाल्या, "आजी, तेच बघायला मी यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतेय. ही गाठ शेकाने जाते. पण काहींची कधीतरी परत येते. लक्ष ठेवायचं."

आयने मान हलवली. "आळशाचा काय भरवसा," एवढंच म्हणाली.

*

दत्ताला आता एकच एक दिसत होतं. पण ब्रश हातात धरायला तो तयार नव्हता. मूर्ती रंगून उभ्या, चतुर्थी तोंडावर, आणि आखणी दुसऱ्याच माणसाकडून चाललेली. दत्ता बाहेर बसून रस्ता बघायचा. त्याच्यावर विनोद करायला आमची जीभ रेटेना.

एक दिवस आयने ते प्लॅस्टरचं डोकं उचलून त्याच्या मांडीत ठेवलं. "गणपतीवर भीती वाटतं ना? मंग हेच्यावर काढ. बिघडलास तर तूच बिघडशील."

दत्ताने ब्रश घेतला. उजवा डोळा नीट आला. डाव्याला हात कापला.

मग मी धीर करून विचारलं, "दत्त्या, कुठं बघतोय रे हा?"

त्याने डोकं लांब धरून पाहिलं. "स्वयंपाकघराकडे," तो म्हणाला आणि हसायला लागला. किती महिन्यांनी तो असा हसत होता! हसता हसताच त्याने घरचा गणपती पुढे ओढला, श्वास रोखला आणि बुबुळं काढली. लेले गुरुजी तेवढा वेळ गप्प होते, हा या गोष्टीतला सगळ्यात मोठा चमत्कार.

आय मूर्तीसमोर डावीकडे गेली. "मना बघतंय." उजवीकडे गेली. "हितनं पन मनाच बघतंय."

दत्ताने ब्रश खाली ठेवला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आम्ही सगळेच रडलो. इकबाल म्हणाला की त्याच्या डोळ्यात टर्पेंटाईन गेलं.

*

गौरी-गणपतीच्या विसर्जनाला आय म्हणाली, "ते मुंडकं पन घ्या. डोळे काढलेली मूर्त घरात ठेवायची नसतं. तिची बोळवण कराया होवी."

म्हणून आम्ही आयच्या माहेरच्या गावाला, खाडीवर गेलो. भरतीचं पाणी गुडघ्यापर्यंत. एका पाटावर गणपती, दुसऱ्या पाटावर स्वयंपाकघराकडे बघणारा दत्ता. आधी गणपती गेला. "मोरया"चा सगळ्यात मोठा आवाज दरवर्षी इकबालचाच असतो, तसा त्या वर्षीही होता.

मग डोक्याची पाळी आली. आयने ते दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्याशी नेलं.

इकबालला सवयच. त्याने छाती भरून आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!" आम्ही सगळे.

"पुढच्या वर्षी..."

आणि सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. गुरुजींनी झडप घालून इकबालच्या तोंडावर हात ठेवला. वहिनीने दत्ताचा सदरा घट्ट धरला. दत्ता माझ्याकडे बघत होता आणि मी पाण्याकडे.

आय एकटीच शांत होती. तिने डोकं पाण्यात सोडलं. बुडबुडे आले, ते संपेपर्यंत ती वाकून बघत राहिली. मग ओले हात जोडून म्हणाली,

"पुढच्या वर्षी तुना बघाया आम्हीच जातंव मुंबयला. तू येव नको गो बाय. आळशी हायस ना? मंग आळशीच ऱ्हा!"